पृथ्वीप्रदक्षिणेचा शेवट कोठे होतो?

(रत्नागिरी तालुक्यातील एका खाडीकाठच्या गावी, नारळी पौर्णिमेच्या दिवशी, जहाजावरील नोकरीस निघालेल्या दोन मुलांना निरोप देण्यासाठी भरलेल्या सभेत गावच्या शिक्षकाने केलेले भाषण.)



निरोपाच्या सभेत निघणाऱ्याच्या हाती नारळ द्यावा, चार शब्द बोलावे आणि बसावे, अशी रीत आहे. नारळ तुम्ही दिलाच आहे. बोलावयाचे काम माझ्याकडे आले. परंतु मी आज निघण्याविषयी बोलणार नाही, परत येण्याविषयी बोलणार आहे. कारण निघणे सर्वांना दिसते. परतणे कोणी नीट पाहत नाही. आणि माझे तर असे मत झाले आहे की, लांबच्या प्रवासाचा शेवट नेमका कोठे होतो हेच आपल्या लोकांना कोणी सांगितलेले नाही.

प्रथम एक मोठी गोष्ट सांगतो. 19 मे 2010 रोजी मुंबईच्या बंदरात ‘म्हादेई’ नावाची शिडाची होडी परत आली. तीवर एकच माणूस होता, आपल्या नौदलातील कमांडर दिलीप दोंदे. 19 ऑगस्ट 2009 रोजी मुंबईहून निघून, ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल, न्यूझीलंडमधील लिटलटन, फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅनली आणि आफ्रिकेतील केपटाउन अशा चार ठिकाणी थांबत, बरोबर नऊ महिन्यांनी ते परतले. एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीला फेरी घालणारे ते पहिले भारतीय होत. पुढे त्याच होडीतून अभिलाष टॉमी हे 1 नोव्हेंबर 2012 रोजी मुंबईहून निघाले आणि वाटेत एकाही बंदरात न थांबता 31 मार्च 2013 रोजी मुंबईस परत आले.

आता फेरी पुरी झाली असे केव्हा म्हणावयाचे? मुलांनो, हे गणित तुम्हाला येते. पृथ्वीच्या वर्तुळाचे अंश 360. एका अंशाच्या कला 60. गुणाकार केला की 21,600 येतात. कलेमागे एक सागरी मैल धरला तर 21,600 सागरी मैल, म्हणजे सुमारे 40,000 किलोमीटर. एवढे अंतर तरी कापले पाहिजे. सगळी रेखावृत्ते ओलांडली पाहिजेत, विषुववृत्त दोन वेळा ओलांडले पाहिजे, सुएझ किंवा पनामाच्या कालव्याची जवळची वाट घेता कामा नये, आणि ज्या बंदरातून निघालो तेथेच परत आले पाहिजे. ही शेवटची अट ध्यानात ठेवा. जगभर हिंडलेला पुष्कळ असतो, परंतु निघाला तेथे परतला नाही तर त्याची फेरी धरीत नाहीत.

धक्क्यावर उतरला तो एकच माणूस. परंतु फेरी काय एकट्याची होती? ही कल्पना मनात धरून तिचा पाठपुरावा करणारे निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी हे फलटणजवळच्या विंचुर्णीस राहणारे. 56 फुटांची ती होडी बांधली गोव्यातील दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात. अशी जगाभोवती जाणारी शिडाची होडी त्यांनी पूर्वी कधी बांधली नव्हती. लाकडावर काचतंतूचे थर चढवून कारागिरांनी ती तयार केली. दक्षिणेच्या महासागरात डोंगराएवढ्या लाटा त्या लाकडावर आपटल्या. तेव्हा दोंदे यांच्या धैर्याइतकीच त्या कारागिरांच्या हाताचीही परीक्षा झाली, आणि ते हात परीक्षेस उतरले. एकाच कारखान्याच्या कामावर दोन माणसे दोन वेळा पृथ्वीभोवती जाऊन सुखरूप आली, यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र ते कोणते?

आपल्यातील सुतारमंडळींना माहीत नसेल, म्हणून आणखी एक सांगतो. सगळ्या जगात कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारा पहिला माणूस रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा इंग्रज. 14 जून 1968 रोजी इंग्लंडमधील फाल्मथहून तो निघाला आणि 312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 रोजी, तेथेच परत आला. त्या शर्यतीत नऊ जण उतरले होते. पुरी करणारा हा एकटाच. त्याची ‘सुहेली’ नावाची 32 फुटी होडी कोठे बांधली होती? विलायतेत नव्हे, आपल्या मुंबईत, कुलाब्याला! सागाचे लाकूड, वाकस आणि दोरीने फिरवायचा सामता, एवढ्या हत्यारांनी आपल्या सुतारांनी ती घडविली. पाण्यात लोटताना नाळेवर नारळ फोडला होता. इतरांच्या होड्या वाटेत खिळखिळ्या झाल्या, बुडाल्या. मुंबईच्या सुताराने जोडलेले सांधे घरापर्यंत टिकले. नॉक्स-जॉन्स्टनचे नाव जगाने लिहून ठेवले, आणि ते योग्यच आहे. त्या सुतारांची नावे आज कोणत्या मुलाला पाठ आहेत? त्यांच्या नातवंडांना तरी ठाऊक आहेत काय?

याहून जुनी गोष्ट घ्या. पृथ्वीला पहिली फेरी घातली ती मॅगेलनच्या काफिल्याने, असे आपण शाळेत शिकतो. सन 1519 मध्ये पाच जहाजे आणि सुमारे अडीचशे माणसे स्पेनहून निघाली. 6 सप्टेंबर 1522 रोजी एकच जहाज, ‘व्हिक्टोरिया’, परत आले आणि त्यावर 18 जण उरले होते. मॅगेलन स्वतः वाटेतच, 27 एप्रिल 1521 रोजी, फिलिपीन बेटांत लढाईत मारला गेला होता. जहाजात मात्र लवंगा भरलेल्या होत्या. माणसे मेली, लवंग घरी पोहोचली. सावकाराच्या वहीत ती सफर यशस्वी ठरली.

या मॅगेलनजवळ एनरिके नावाचा एक गुलाम होता. 1511 साली मलाक्का घेतले तेव्हा तेथे विकत घेतलेला हा पूर्वेकडचा पोर. धनी त्याला पश्चिमेस युरोपात घेऊन गेला, आणि तेथून आणखी पश्चिमेस जात जात फिलिपीन बेटांत आला. तेथे किनाऱ्यावरच्या लोकांशी एनरिके आपल्या मलायी भाषेत बोलला आणि ते त्यांना समजले! विचार करा. पृथ्वी गोल आहे हे त्या क्षणी सिद्ध झाले ते कोणत्या यंत्राने नव्हे, एका गुलामाच्या जिभेने. आपण मेल्यावर याला मुक्त करावे असे मॅगेलनने मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. धनी मेला, परंतु नवे धनी त्याला सोडीनात. मे 1521 मध्ये सेबू बेटावर तो त्यांच्यापासून तुटला आणि तेथून पुढे कागदावर त्याचे नाव येत नाही. जगाला पहिला वेढा घालण्याच्या इतक्या जवळ आलेला माणूस, आणि त्याच्या प्रवासाचा शेवट लिहिण्यास कोणाला सवड झाली नाही.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, हे सातासमुद्रांपलीकडचे झाले. आमच्या रत्नागिरीचे काय? तर ऐका. आपल्या देशात पोथीने समुद्र बंद केला होता. बौधायनाच्या धर्मसूत्रात समुद्रप्रवास हे माणसाला पतित करणारे कर्म म्हणून गणले आहे. एकोणिसाव्या शतकात विलायतेहून परत आलेल्या वरच्या जातींच्या शिकलेल्या माणसांना पंचगव्य घेऊन प्रायश्चित्त करावे लागे, त्यावर वर्तमानपत्रांतून वाद होत आणि सभा गाजत. म्हणजे त्यांच्या प्रवासाचा शेवट प्रायश्चित्ताने होई. पण त्याच काळात आपल्या किनाऱ्यावरचा कोळी, खारवी, गाबीत, भंडारी आणि दालदी मुसलमान रोज समुद्रावर जात होता, आणि रत्नागिरी जिल्ह्यातील हजारो माणसे विलायती कंपन्यांच्या आगबोटींवर डेकचे खलाशी म्हणून जगभर फिरत होती. त्यांना कोणी प्रायश्चित्त विचारले नाही, कारण त्यांना कोणी काहीच विचारले नाही! नोकरी लागावी म्हणून मध्यस्थाचा हात ओला करावयाचा, गोऱ्या खलाशाच्या शेजारी तोच दोर ओढावयाचा आणि त्याच्याहून कितीतरी कमी पगार घ्यावयाचा. मुंबईस मशीद बंदरच्या खलाशांच्या वसतिगृहात एक स्मारक आहे. 1914 ते 1918 च्या महायुद्धात समुद्रावर मेलेल्या आणि समुद्राखेरीज दुसरी कबर नसलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे ते स्मारक. त्यांच्या घरच्या माणसांनी बंदराकडे किती दिवस डोळे लावले असतील?

मंडळी, दुसऱ्यांचे दोष सांगणे सोपे असते. आता माझा स्वतःचा सांगतो.

माझे वडील, आबा, डेकवरचे खलाशी होते हे येथे सर्वांना माहीत आहे. दहा-अकरा महिने जात आणि दोन-तीन महिने घरी राहत. रात्रीच्या एस.टी.ने यायचे, खांद्यावर पत्र्याची पेटी. आम्ही पोरे उठून बसायचो आणि एकच प्रश्न विचारायचो, “काय आणलंत?” कोठे गेला होता, असे आम्ही कधी विचारले नाही. आईही विचारीत नसे. तिला तोवर दुकानाची उधारी, गळके कौल आणि भाताची लावणी यांचा हिशेब त्यांच्यापुढे मांडायचा असे.

पुढे मी ट्रेनिंग कॉलेजात गेलो. सराव पाठासाठी मला विषय मिळाला, ‘पृथ्वीप्रदक्षिणा’. मी मॅगेलन शिकविला, फळ्यावर पाच जहाजे काढली आणि चांगले गुण मिळविले. सुटीस घरी आलो तेव्हा आबा कुंपणाच्या काठ्या बांधीत होते. त्यांनी विचारले, “काय शिकवलंस पोरांना?” मी म्हणालो, “जगाला फेरी घातली त्या लोकांची गोष्ट. तुम्हाला नाही कळायची, आबा.” ते म्हणाले, “बरं,” आणि पुढची काठी घेतली.

आबा 2009 साली वारले. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात ‘म्हादेई’ परत आल्याची बातमी वर्तमानपत्रात वाचली आणि ती घेऊन मी पलीकडच्या मोहल्ल्यातील सारंगचाचांकडे गेलो. ते आबांचे जुने सोबती. केप हॉर्नजवळचा समुद्र कसा असतो हे त्यांना विचारावयाचे होते. चाचांनी बातमी ऐकली आणि म्हणाले, “त्या बाजूला नाही गेलो रे आम्ही. आमची फेरी पनामातून झाली. तुझा बाप होता ना बरोबर.”

मी विचारले, “कसली फेरी?”

तेव्हा त्यांनी दोन संध्याकाळी बसून सांगितले. 1987 साली मुंबईहून निघालेले मालाचे जहाज सुएझमधून रॉटरडॅमला गेले, तेथून अटलांटिक ओलांडून पनामाचा कालवा, मग प्रशांत महासागर ओलांडून जपान, तेथून सिंगापूर आणि परत मुंबई. माझा बाप पृथ्वीला फेरी घालून आला होता! मी आठ वर्षांचा होतो आणि मी त्यांना विचारले होते, “काय आणलंत?”

घरी येऊन मी त्यांचे नोकरीचे पुस्तक काढले. त्यात जहाजाचे नाव, चढल्याची तारीख आणि बंदर, उतरल्याची तारीख आणि बंदर. चढले मुंबई, उतरले मुंबई. मध्ये सगळी पृथ्वी होती, पण तिच्यासाठी त्या पुस्तकात रकाना नाही. मघाशी सांगितलेल्या विक्रमाच्या नियमांतही ती फेरी बसत नाही, कारण ती कालव्यातून झाली आणि इंजिनावर झाली. खुशाल न बसो. गंज खरवडीत, रंग देत, दोर ओढीत गेलेल्या माणसाच्या पायाखालून पृथ्वी काही कमी फिरली नाही.

चाचांनी आणखी एक सांगितले. पश्चिमेकडे प्रशांत महासागर ओलांडताना वारांतला एक दिवस गळतो. ‘व्हिक्टोरिया’वरील लोकांनाही हाच अनुभव आला होता. 1522 च्या जुलैत केप व्हर्द बेटांवर उतरले तेव्हा त्यांच्या हिशेबाने बुधवार होता आणि किनाऱ्यावर गुरुवार! पश्चिमेस जाणारा सूर्याच्या मागे मागे जातो, त्याचा प्रत्येक दिवस थोडा लांबतो, आणि फेरी पुरी झाली की त्याच्या मोजणीत एक दिवस कमी भरतो. त्या गळलेल्या दिवसावर आबा डेकवर सर्वांना हसवीत, असे चाचा म्हणाले. ते काय बोलत हे चाचांना आठवले नाही. मला तर आबा कोणाला हसवतात हेच ठाऊक नव्हते.

यावरून मी जे शिकलो ते आता सांगतो. बोट धक्क्याला लागली म्हणजे प्रवास संपला, असे नाही. तीन गोष्टी घरी पोहोचल्या म्हणजे तो संपतो: माणूस घरी आला पाहिजे, त्याची मजुरी घरी आली पाहिजे, आणि त्याची हकीकत घरी आली पाहिजे. आपल्या लोकांची पहिली गोष्ट नशिबावर सोडलेली, दुसरी मालकावर, आणि तिसरी कोणाच्याच ध्यानात नाही.

पहिल्या दोन गोष्टींविषयी कायदा आहे, तो दोघांनी नीट ऐका आणि तुमच्या आईबापांनीही ऐका. 2006 साली झालेला सागरी कामगारांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने 2015 साली मान्य केला आहे. त्याप्रमाणे बारा महिने भरण्याच्या आत मालकाच्या खर्चाने घरी परतण्याचा खलाशाला हक्क आहे. मालकाने जहाज वाऱ्यावर सोडले तर घरी पाठविण्याचा खर्च आणि चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार मिळेल अशी हमी जहाजावर असली पाहिजे. नोकरी लावून देणाऱ्याजवळ केंद्र सरकारच्या नौवहन खात्याचा परवाना हवा, आणि नोकरी लावल्याबद्दल खलाशाकडून पैसे घेण्यास मनाई आहे. जो दलाल पैसे मागतो तो पहिल्या दिवशीच कायदा मोडतो. शेवटच्या दिवशी तो तुम्हाला घरी आणील काय? तथापि कायदा असूनही सावध राहावे लागते. 2020 साली साथीच्या वेळी बंदरे बंद झाली आणि मुदत संपूनही जहाजावरच अडकलेल्या खलाशांचा आकडा जगभरात सुमारे 4 लाखांवर गेला. जगाचे धान्य आणि औषधे त्यांनी पोहोचविली, आणि त्यांनाच घरी जाऊ द्यावयास कोणी तयार नव्हते. सबब करारपत्राची एक प्रत घरी ठेवून मगच पाऊल उचला.

मायबहिणींनो, हे पुरुषांचेच काम आहे असे समजू नका. ‘म्हादेई’सारख्याच ‘तारिणी’ होडीतून 10 सप्टेंबर 2017 रोजी गोव्याहून नौदलाच्या सहा स्त्रिया निघाल्या आणि 21 मे 2018 रोजी फेरी पुरी करून परत आल्या. वर्तिका जोशी त्यांच्या प्रमुख होत्या. त्याच होडीतून दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच 2 ऑक्टोबर 2024 रोजी निघाल्या आणि 29 मे 2025 रोजी गोव्यास परतल्या. आमच्या शाळेतील मुलींनी हे भिंतीवरच्या नकाशावर दोऱ्याने काढले आहे, जाऊन पाहा. आणि जी घरी राहिली तिचीही फेरी मोजा. माझ्या आईने एकटीने सोळा पावसाळे शेती केली, आम्हाला वाढविले. पगाराचे पैसे वेळेवर आले नाहीत तेव्हा हातातील पाटल्या गहाण ठेवल्या. आबांच्या प्रवासाचा खर्च तिनेही भरला आहे.

आता तिसरी गोष्ट, हकीकत. ती मात्र कोणी मालक देणार नाही, सरकार देणार नाही. ती आपणच घ्यावयाची. त्यासाठी शाळेत मी एक वही घातली आहे. पहिल्या पानावर आबांची फेरी लिहिली, चाचांनी सांगितली तशी, तुटक आणि अपुरी. गावातील जो कोणी समुद्रावर, मुंबईच्या गिरणीत, आखातात, कोठेही कामास जाऊन आला असेल, त्याने येऊन सांगावे. लिहिता येत नसेल तर सातवीची मुले लिहून घेतील. कोणत्या बंदरास गेलात, काय उचललेत, काय खाल्लेत, किती मजुरी ठरली आणि किती मिळाली, कोण सोबती होते, सगळे लिहू. सुतारांनी आपल्या आजोबांनी बांधलेल्या होड्या सांगाव्यात. म्हाताऱ्या माणसांकडे आधी जा. नोकरीची पुस्तके, जुनी पत्रे, पासपोर्ट चुलीत घालू नका. आपल्या पूर्वजांना अक्षर मिळू दिले नाही, म्हणून त्यांचे कष्ट वाऱ्यावर गेले. आज घराघरांत शिकलेले पोर आहे. आता हकीकत बुडाली तर दोष आपलाच.

मुलांनो, तुम्हा दोघांना माझे एवढेच सांगणे. पहिल्या पगारातून एक वही घ्या आणि रोज एक ओळ लिहा. परत याल तेव्हा घरची लहान पोरे विचारतील, काय आणलंत? त्यांना खाऊ द्या, आणि मग शेजारी बसवून नकाशावर बोट ठेवून सांगा. आणि घरच्यांनो, ही दोघे परततील त्या रात्री उधारीचा हिशेब सकाळवर टाका आणि आधी विचारा, “कुठवर जाऊन आलास?”

मी विचारले नाही. तुम्ही विचारा.

दर्या तुम्हाला नेवो आणि सुखरूप परत आणो.